वाचक विचारतात : सूज वाईट आणि वाढ चांगली?

मागच्या अंकात मी ओघात लिहून गेले होते की शरीरातले वाढघटक, म्हणजे पेशींना ‘वाढा, विभाजन करा, सरका’ असं सांगणारी प्रथिनं, बऱ्याचदा दाहाच्या, म्हणजे सुजेच्या, सांगण्यावरूनच बाहेर पडतात. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळचा सगळा स्तंभ त्यांनाच देते आहे. पत्रं थोडक्यात दिली आहेत, आणि नावं गाळली आहेत.

प्रश्न : मी शाळेत जीवशास्त्र शिकवते. सूज म्हणजे संरक्षण आणि वाढघटक म्हणजे दुरुस्ती, असे दोन वेगळे धडे आम्ही शिकवतो. पेशीत हे दोन्ही नेमके कुठे जुळतात? आणि सूज उतरवणारी गोळी घेतली तर जखम उशिरा भरते, हे खरं का?

बाई, धडे दोन असले तरी पेशीतली यंत्रणा बरीचशी एकच आहे. त्वचेचंच बघा. वरच्या थरातल्या पेशी, केराटिनोसाइट, आपल्या आत इंटरल्यूकिन-१ अल्फा हा दाहाचा रेणू आधीपासून तयार करून ठेवतात. खरचटलं, पेशी फुटली, की तो सांडतो. त्यासाठी नवीन जनुक चालू व्हावं लागत नाही. खालच्या थरात फायब्रोब्लास्ट, म्हणजे ऊतीचे धागे विणणाऱ्या पेशी, असतात आणि त्यांच्या पृष्ठभागावर या रेणूचा रिसेप्टर, म्हणजे त्याचा निरोप पकडणारं प्रथिन, असतो. संदेश मिळाला की ते केराटिनोसाइट ग्रोथ फॅक्टर, लघुरूपात केजीएफ, बनवायला घेतात. आता यातली खुबी अशी की केजीएफचा रिसेप्टर फायब्रोब्लास्टवर नसतोच, तो वरच्या थरातल्या पेशींवर असतो. बनवणारा एक, वापरणारा दुसरा. वरून ‘फाटलं’ असा निरोप खाली जातो आणि खालून ‘भरून काढा’ असा निरोप वर येतो. पहिला निरोप दाहाचा, दुसरा वाढीचा.

फायब्रोब्लास्टच्या आत काय होतं तेही सांगते, कारण मुलं नेमकं तेच विचारतील. एनएफ-कप्पा-बी नावाचं एक प्रथिन एरवी केंद्रकाबाहेर अडकवून ठेवलेलं असतं; त्याला अडकवणाऱ्या प्रथिनाचं नाव आय-कप्पा-बी. रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९८६ साली एनएफ-कप्पा-बी प्रथम ओळखलं ते प्रतिकारशक्तीच्या बी-पेशींत, पण ते जवळपास सगळ्याच पेशींत असतं, हे पुढे कळलं. इंटरल्यूकिन-१ किंवा टीएनएफ हा दाहाचा दुसरा रेणू येऊन धडकला की आय-कप्पा-बी नष्ट केलं जातं आणि काही मिनिटांत एनएफ-कप्पा-बी केंद्रकात शिरतं. तिथे ते जी जनुकं चालू करतं त्यांत सगळ्यात आधी चालू होणाऱ्यांपैकी एक असतं आय-कप्पा-बीचंच जनुक! म्हणजे आत शिरल्या शिरल्या ते स्वतःला बाहेर काढायची सोय करून ठेवतं. टीएनएफ सतत देत राहिलं, तर एनएफ-कप्पा-बी साधारण दीड-दोन तासांच्या लयीत केंद्रकात आत-बाहेर करत राहतं. जिवंत पेशीत ते चमकणाऱ्या प्रथिनाला जोडून सूक्ष्मदर्शकाखाली बघता येतं. केंद्रक उजळतं, मंद होतं, पुन्हा उजळतं. कितीही वेळा बघितलं तरी मला ते बघत बसावंसं वाटतं. याच्या बरोबरीनं एपी-१ नावाची, जनुकं चालू करणाऱ्या प्रथिनांची एक जोडीही कामाला लागते. केजीएफचं जनुक चालू करण्यात मोठा वाटा तिचा.

पुढे काही तासांत न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी येतात, दोन-तीन दिवसांत मॅक्रोफेज, म्हणजे गिळणाऱ्या मोठ्या पेशी, येतात. मॅक्रोफेज सुरुवातीला टीएनएफ आणि इंटरल्यूकिन सोडत असतात. मग ते मेलेले न्यूट्रोफिल गिळतात, आणि गिळण्याच्या त्या कृतीनंच त्यांचा नूर पालटतो. टीएनएफ कमी होतं, टीजीएफ-बीटा नावाचं वाढीचं प्रथिन वाढतं. टीजीएफ-बीटा फायब्रोब्लास्टना कोलॅजन बनवायला लावतं. दाह आपला आपण ओसरतो, तो असा.

जुनाट, न भरणाऱ्या जखमेत हे वळण येतच नाही. न्यूट्रोफिल हटत नाहीत, त्यांचं इलास्टेज आणि इतर प्रथिनं तोडणारी विकरं साचतात आणि तयार झालेले वाढघटक तिथल्या तिथे कापले जातात. पीडीजीएफ या वाढघटकाचं जेल १९९७ साली अमेरिकेत मधुमेही पायाच्या जखमांसाठी मंजूर झालं. त्याच्या चाचण्यांतही जिथे जखम वरचेवर खरवडून साफ केली जात होती तिथे गुण जास्त आला. वाढघटक ओतले की काम झालं असं नसतं, हे तिथे नीट दिसलं.

आता गोळीचं. सगळ्या गोळ्या एका मापाने मोजू नका. स्टेरॉइड वरच घाव घालतात : एनएफ-कप्पा-बी आणि एपी-१ दोन्ही दाबतात. त्यामुळे केजीएफही घटतं, आणि दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्यांच्या जखमा रेंगाळतात ही शल्यविशारदांची जुनी माहिती आहे. साधी वेदनाशामक गोळी बरंच खाली, प्रोस्टाग्लँडिन हे वेदना आणि सूज वाढवणारे रेणू बनण्याच्या पायरीवर काम करते. गुडघा खरचटल्यावर अशी एखादी गोळी घेतली म्हणून जखम अडून बसली, असं होत नाही. मात्र स्टेरॉइड चालू असलेल्यांनी हे वाचून आपल्या मनाने ते थांबवू नयेत. एकदम थांबवण्यात जिवाला धोका असतो.

प्रश्न : ‘ग्रोथ फॅक्टर’ असलेलं चेहऱ्याचं सीरम लावू का? दाह कमी करून त्वचा तरुण ठेवतं म्हणतात.

धडधाकट त्वचेतून आत जायचं तर रेणू साधारण ५०० डाल्टनच्या (हे रेणूच्या वजनाचं माप) आतला हवा. ईजीएफसारखा लहानसा वाढघटकसुद्धा ५३ अमिनो आम्लांचा, म्हणजे ६००० डाल्टनच्या आसपास. तो वरच राहणार. त्वचा फाटलेली असेल तर शिरेल, पण मग तुम्हाला सीरम नको, मलमपट्टी हवी. दाह आणि वाढ यांचा हिशोब वर दिला आहेच. ‘दाह कमी, वाढ जास्त’ हे एका बाटलीत कसं बसवलं, ते विकणाऱ्याला विचारा.

प्रश्न : मला सांधेदाह आहे आणि टीएनएफ रोखणारं इंजेक्शन चालू आहे. टीएनएफ पेशीच्या अंगावरून कापून सोडणारं एक विकर असतं, असं वाचलं. मग ते विकरच बंद करणारं औषध का देत नाहीत? मुळावरच घाव बसेल.

तुमच्यासारखाच विचार औषध कंपन्यांनीही केला होता, त्यामुळे प्रश्नात चूक काही नाही. त्या विकराचं नाव अॅडॅम-१७. टीएनएफ आधी पेशीच्या आवरणात रुतलेलं असतं. ही कात्री त्याचं बाहेरचं टोक कापते आणि ते मोकळं होऊन फिरायला लागतं. कात्री ओळखली गेली १९९७ मध्ये. लगेच पुढच्या वर्षी, ती नसलेल्या उंदरांवरचं काम प्रसिद्ध झालं आणि सगळ्यांचे डोळे उघडले. शब्दशः सांगायचं तर उंदरांच्या पिल्लांचे. पिल्लं जन्मतःच उघड्या डोळ्यांची होती.

हे एवढं महत्त्वाचं का, ते कळायला थोडं मागे जावं लागेल. उंदराची पिल्लं मिटल्या डोळ्यांनी जन्मतात आणि दोनेक आठवड्यांनी पापण्या उघडतात. १९५०च्या दशकाच्या अखेरीला स्टॅन्ली कोहेन उंदराच्या लाळग्रंथीचा अर्क नवजात पिल्लांना टोचत होते. शोधत होते मज्जातंतूंचा वाढघटक, आणि दिसलं असं की पिल्लांचे डोळे आठवडाभर आधीच उघडतायत. दुसऱ्या कुणी ते वहीत टिपून सोडून दिलं असतं. कोहेननी पाठपुरावा केला आणि ईजीएफ सापडलं. १९८६ साली रिटा लेव्ही-मोंटाल्चिनी यांच्याबरोबर त्यांना नोबेल मिळालं. पुढे ईजीएफच्याच घराण्यातलं टीजीएफ-अल्फा ज्यांच्यात नाही अशा उंदरांच्या पापण्या गर्भात नीट मिटतच नाहीत, हे दिसलं. म्हणून अॅडॅम-१७ नसलेली पिल्लं उघड्या डोळ्यांची निघाल्यावर अर्थ स्पष्ट झाला : जी कात्री टीएनएफ कापते, तीच टीजीएफ-अल्फाही कापते. अँफिरेग्युलिनही तीच कापते, हेपारिनला चिकटणारं ईजीएफही तीच.

म्हणजे कात्री बंद केली तर दाहाचा एक संदेश थांबेल आणि त्याबरोबर त्वचेच्या आणि आतड्याच्या अस्तराला रोज लागणारे वाढघटकही थांबतील. माणसात याचा पुरावा २०११ साली आला. ज्यांच्यात हे जनुक जन्मतः निकामी आहे अशा भावंडांना त्वचेचा आणि आतड्याचा दाह होता. दाहाची कात्री नाही आणि तरी दाह! कारण वाढीचा संदेश मिळाला नाही की अस्तर कमकुवत होतं, आणि अस्तराच्या पेशी स्वतःच दाहाचे रेणू सोडू लागतात. कॅन्सरसाठी ईजीएफचा रिसेप्टर रोखणारी औषधं घेणाऱ्यांच्या चेहऱ्यावर मुरुमांसारखं पुरळ उठतं, त्यामागेही हेच आहे.

अॅडॅम-१७ रोखणारे रेणू बनले, माणसांवर चाचण्याही झाल्या, पण सांधेदाहाचं औषध म्हणून एकही मंजुरीपर्यंत पोचलं नाही. तुमचं इंजेक्शन कात्रीला हात लावत नाही, ते फक्त टीएनएफला पकडतं. म्हणून ते चालतं.

प्रश्न : माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला लहान मुलांचा सांधेदाह आहे. वर्गात ती सगळ्यांत बुटकी आहे. ग्रोथ हार्मोनची पातळी तपासली तर ठीक आली. मग उंची का वाढत नाही?

ताई, हार्मोन ठीक आहे हे बरंच झालं, पण तो फक्त पहिला निरोप. ग्रोथ हार्मोन मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीतून निघतं, यकृताला सांगतं, आणि यकृत आयजीएफ-१ नावाचा वाढघटक बनवतं. हाडांची लांबी वाढवण्यात त्याचा मोठा हात असतो. दाहात इंटरल्यूकिन-६ वाढलेलं असतं. ते यकृताच्या पेशींत सॉक्स-३ नावाचं प्रथिन तयार करवतं, आणि सॉक्स-३ ग्रोथ हार्मोनच्या रिसेप्टरमागची तार तोडतं. हार्मोन येऊन दार ठोठावतंय, आत ऐकू जात नाही. शिवाय इंटरल्यूकिन-१ आणि टीएनएफ हाडांच्या टोकाशी असलेल्या वाढपट्टीतल्या कूर्चापेशींनाही थेट मंदावतात.

१९९७ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात उंदरांमध्ये मानवी इंटरल्यूकिन-६चं जनुक घालून ते जन्मापासून जास्त राहील असं केलं होतं. ते उंदीर भावंडांच्या ५० ते ७० टक्के आकाराचेच राहिले. ग्रोथ हार्मोन त्यांचंही व्यवस्थित होतं. कमी होतं ते आयजीएफ-१. तुमच्या मुलीच्या रिपोर्टशी हे किती जुळतं, पाहा.

यातली आशेची बाजू अशी, की ही अडवणूक कायमची नसते. दाह आटोक्यात आला की मागे पडलेली उंची बरीच मुलं भरून काढतात, मात्र वाढपट्ट्या मिटण्याआधी. म्हणून सांधे दुखतायत का एवढंच न विचारता दर भेटीत उंची मोजून तक्त्यावर मांडायला लावा, आणि रेषा सपाट होत असेल तर डॉक्टरांकडे विषय तुम्ही काढा. स्टेरॉइड चालू असतील तर त्यांचाही उंचीवर परिणाम होतो. डोस कमी करता येईल का, हे बालसंधिवाततज्ज्ञच ठरवतील. ग्रोथ हार्मोनची इंजेक्शनं काही मुलांना देतात. ती द्यायची का, हा निर्णयही त्यांचाच.

प्रश्न : गुडघ्याच्या झिजेत मज्जातंतूंचा वाढघटक वेदना वाढवतो असं ऐकलं. मग तो रोखत का नाहीत?

रोखून पाहिला. झिजलेल्या सांध्यात इंटरल्यूकिन-१ आणि टीएनएफमुळे पेशी हा वाढघटक, म्हणजे एनजीएफ, जास्त बनवतात, आणि एनजीएफ वेदनेच्या तंतूंना हळवं करतं. टॅनेझुमॅब नावाचं प्रतिपिंड एनजीएफला बांधून ठेवतं. वेदना खरोखर कमी झाली. पण काहींचे सांधे झपाट्याने खराब झाले, विशेषतः मोठ्या डोसवर आणि बरोबर वेदनाशामक गोळ्या घेणाऱ्यांचे. २०१०मध्ये चाचण्या थांबवल्या, नंतर पुन्हा सुरू केल्या. मार्च २०२१मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने १९ विरुद्ध १ मतांनी नापसंती दिली आणि त्याच वर्षी कंपन्यांनी तो नाद सोडला. इतकी वर्षं आणि इतका पैसा घातलेलं औषध असं सोडून देणं सोपं नव्हतं. पण निर्णय रास्त होता, असं माझं मत.

प्रश्न : मॅडम, मी पीएच.डी.च्या पहिल्या वर्षाला आहे. मानवी त्वचेच्या फायब्रोब्लास्टवर इंटरल्यूकिन-१ बीटा घातलं. चार तासांनी व्हीईजीएफचा (रक्तवाहिन्या वाढवणाऱ्या वाढघटकाचा) मेसेंजर आरएनए छान वाढलेला दिसला, पण त्याच वेळच्या माध्यमात, म्हणजे पेशींभोवतीच्या द्रवात, एलायझा या प्रथिन मोजणाऱ्या चाचणीने प्रथिन काहीच वाढलेलं दिसलं नाही. गाइड म्हणतात प्रयोग फसला. दहा टक्के सीरममध्येच पेशी होत्या.

विद्यार्थी आहेस म्हणून एकेरीत लिहिते. प्रयोग फसलेला नाही, अर्धा झालाय.

पहिलं, वेळ. आरएनए वाढला की प्रथिन त्याच क्षणी माध्यमात येत नाही. ते बनतं, पेशीतल्या वाटेने बाहेर पडतं, आणि थाळीतल्या माध्यमात साचायला वेळ लागतो. आरएनएसाठी २ आणि ४ तास ठीक. प्रथिनासाठी ८, २४ आणि ४८ तासांचे नमुने घे. आणि प्रत्येक थाळीतल्या पेशी मोजून किंवा एकूण प्रथिन मोजून व्हीईजीएफच्या आकड्याला त्याने भागून घे. नाहीतर ४८ तासांनी व्हीईजीएफ वाढलं की नुसत्या पेशी वाढल्या, हे कळणार नाही.

दुसरं, प्रथिन कुठे आहे. व्हीईजीएफ एकाच जनुकातून वेगवेगळ्या लांबीचं बनतं. १२१ अमिनो आम्लांचं रूप मोकळं फिरतं. १६५चं थोडं फिरतं, थोडं चिकटतं. १८९चं जवळपास सगळं पेशीच्या पृष्ठभागाला आणि भोवतीच्या जाळीला चिकटून राहतं. तू फक्त माध्यम मोजलंस. एका थाळीत शेवटी, चिकटलेलं व्हीईजीएफ सुटावं म्हणून, थोडा वेळ हेपारिन घालून ते माध्यम वेगळं मोज, आणि पेशी विरघळवून तेही मोज. तुझं किट कुठली रूपं ओळखतं, ते त्याच्या पत्रकात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. वाच.

तिसरं आणि माझ्या मते खरं दुखणं, सीरम. सीरम म्हणजे गोठलेल्या रक्तातून निघालेला द्रव. गोठताना प्लेटलेट आपले वाढघटक त्यात ओततात. १९७४ साली रसेल रॉस आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की रक्तवाहिनीच्या स्नायुपेशी सीरमवर भराभर वाढतात. प्लेटलेट काढून टाकलेल्या रक्ताच्या सीरमवर मात्र तशा वाढत नाहीत. पीडीजीएफ तिथूनच हाती लागलं. १९९९मध्ये मानवी फायब्रोब्लास्टना आधी उपाशी ठेवून मग सीरम दिलं आणि हजारो जनुकं एकदम तपासली. जी चालू झाली त्यांत जखम भरण्याच्या कामाची जनुकं ढिगाने होती. म्हणजे दहा टक्के सीरममधली तुझी पेशी आपल्याला जखम झालीय असंच समजून बसलेली आहे. तिला वर इंटरल्यूकिन दिलंस तर नवीन काय ऐकणार? पीडीजीएफ आणि टीजीएफ-बीटा स्वतःच व्हीईजीएफ वाढवतात, त्यामुळे तुझा मूळ आकडाच चढलेला आहे. २४ तास बिनसीरमच्या किंवा अर्ध्या टक्क्याच्या माध्यमात ठेव, मग घाल. मी माझ्या विद्यार्थ्यांना उपाशी पेशींशिवाय सायटोकाइनची, म्हणजे इंटरल्यूकिनसारख्या निरोप्या प्रथिनांची, कुपी उघडूच देत नसे.

आरएनए का वाढला, तेही तपासून ठेव, परीक्षक विचारतील. दोन शक्यता. जनुक जास्त चाललं, किंवा बनलेला आरएनए जास्त टिकला. व्हीईजीएफचा आरएनए एरवी तासाभरात निम्मा होतो, कारण त्याच्या शेपटीत ए आणि यू अक्षरांचे पट्टे असतात आणि ट्रिस्टेट्राप्रोलिन नावाचं प्रथिन तिथे बसून त्याचा नाश ओढवून आणतं. इंटरल्यूकिन-१ आल्यावर पी-३८ आणि एमके-२ ही विकरं त्या प्रथिनावर फॉस्फेट चढवतात आणि त्याचं काम थंडावतं. कळायला सोपा मार्ग : अॅक्टिनोमायसिन-डी घालून नवीन आरएनए बंद कर आणि ०, ३०, ६०, १२० मिनिटांना किती उरला ते बघ, इंटरल्यूकिनसह आणि त्याशिवाय. अॅक्टिनोमायसिन हातमोजे घालून हाताळ, ते विषारी आहे.

आणखी दोन बारीक गोष्टी. एका थाळीत इंटरल्यूकिनबरोबर त्याच्या रिसेप्टरचा अवरोधक, अॅनाकिन्रा, घाल. परिणाम गेला तर तो इंटरल्यूकिनचाच. उरला तर तुझ्या कुपीत जिवाणूंचं एंडोटॉक्सिन असल्याचा संशय घे, कारण तेही एनएफ-कप्पा-बी चालू करतं. आणि पेशी थाळीभर गच्च झाल्यावर आणि अर्धवट भरलेल्या असताना वेगळं वागतात. सगळ्या थाळ्या सारख्याच दाटीच्या ठेव, आणि दाटी वहीत लिही.

गाइडना २४ तासांचा उपाशी पेशींचा नमुना दाखव, हेपारिनच्या आकड्यासकट. त्यानंतरही प्रथिन हललं नाही, तर पेशी कितव्या पिढीच्या आहेत आणि इंटरल्यूकिन किती नॅनोग्रॅम घातलंस, ते मला लिहून पाठव.